रामण्णा-शामण्णाच्या अंगावरचं सूत

सुमंतरावांना पहिला पांढरा धागा दिसला तो मंगळवारी सकाळी साडेसातला. शामण्णाच्या शेपटीला लागून, केसापेक्षा जरा जाड, पाण्यात अगदी ऐटीत हलत होता. सुमंतरावांनी चष्मा पुसला. धागा तिथंच. त्यांनी दुसरा चष्मा आणला, वाचायचा. आता धागे दोन झाले.

"अक्का," ते म्हणाले, "आपण बेंगळूरला चाललो."

शामण्णा म्हणजे न्यूट. न्यूट म्हणजे काय ते धारवाडच्या सबंध माळमड्डीत कुणाला ठाऊक नव्हतं, सुमंतरावांनाही दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत नव्हतं. दिसायला पालीसारखा, जातीनं बेडकाचा सोयरा, मुक्काम पाण्यात. बोटाएवढी लांबी, पाठ काळी आणि पोट मात्र असं लालभडक की कुंकवाच्या करंड्यात बसून आल्यासारखं. असे दोन. त्यांची खरी नावं पिक्सेल आणि मोमो. पण सुमंतरावांची थोरली बहीण कुसुमावती, जिला ते आणि सगळी गल्ली अक्का म्हणे, ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "असली नावं घेऊन मी हाक मारणार नाही. हा रामण्णा, तो शामण्णा." झालं, बारसं आटोपलं.

हे दोघं ज्यांच्या घरी आले होते ती मंडळी प्राणी पाळणाऱ्यातली नव्हती. न्यूट ही परीक्षा होती, आणि परीक्षक होती सुमंतरावांची एकुलती एक मुलगी, वेदश्री.

त्याचं असं झालं. सुमंतराव तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झाले, बायको त्याआधीच गेलेली, आणि अक्काही विधवा, म्हणून भावाजवळ राहायला आली. दोघांचं छान चाललं होतं. म्हणजे त्यांच्या मते. वेदश्रीच्या मते नव्हतं. एकदा सुमंतराव दूध गॅसवर ठेवून वाचनालयात गेले आणि अग्निशामक दलाची गाडी बघायला बाकीच्या लोकांबरोबर तेही धावले. एकदा अक्कानं पाण्याची मोटर चालू केली आणि भजनाला गेली. शेजारच्यांच्या अंगणात चपला तरंगल्या. दसऱ्याला आली तेव्हा वेदश्रीनं निकाल दिला, "दोघांनी आता बेंगळूरला माझ्याकडं यायचं. चौदाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे."

चौदावा मजला म्हटल्यावर अक्कानं त्याच संध्याकाळी नवस केला, की धारवाड सुटलं नाही तर शिवरात्रीला सोमेश्वराला लाख वाती लावीन. सुमंतरावांनी नवस वगैरे केला नाही. त्यांनी वाद घातला. वाद घालून घालून जानेवारीत एवढं साधलं, की वेदश्रीला ऑफिसच्या कामानं पंचेचाळीस दिवस कोरियाला जायचं होतं, तेव्हा ती म्हणाली, "ठीक आहे. माझे न्यूट सांभाळून दाखवा. परत येईपर्यंत दोघं धडधाकट असले, तर बेंगळूरचं नाव काढणार नाही. नसले, तर मुकाट्यानं सामान बांधायचं."

आणि तिनं हॉलमध्ये काचेची टाकी बसवली, भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद चिकटवला आणि गेली.

त्या कागदावर सगळं होतं. पाणी किती थंड, अळ्या किती, कधी. सगळ्यात लांब यादी परजीवींची होती. अंगावर सुतासारखं पांढरं काही, जळू, पोट फुगणं, खाणं सुटणं, दगडाला अंग घासणं. यातलं काही दिसलं तर वेगळ्या भांड्यात ठेवा, फोटो काढा, नोंद करा, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, हात धुवा. आणि शेवटी लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून: स्वतःचं डोकं चालवू नका.

हे शेवटचं वाक्य सुमंतरावांना लागलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरी याच वाक्यावर केली होती.

अळ्यांचा प्रश्न आधी मिटवावा लागला होता. लाल अळ्यांचे गोठवलेले चौकोन फ्रिजमध्ये ठेवायचे म्हटल्यावर अक्का दोन दिवस जेवली नाही. मग तोड निघाली. अळ्या तीन पिशव्यांत गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात गेल्या, पिशवीवर 'औषध' म्हणून लिहिलं, आणि त्यांना हात लावायचा तो सुमंतरावांनी, आंघोळीच्या आधी, देवाचं नाव घेऊन. पाण्याची अडचण नव्हती. नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, त्यामुळं घरात पिंप, बादल्या, घंगाळं, सगळं कायम भरलेलं. न्यूटना शिळं पाणी लागतं म्हणून कागदावर लिहिलेलं, तर यांच्याकडं ताजं पाणी असं नव्हतंच कधी.

बारा दिवस छान गेले. आणि मग तो धागा.

सुमंतरावांनी नोंदवही काढली. 'संशयित क्र. १. रंग पांढरा. लांबी अंदाजे अर्धा इंच. ठिकाण: शेपूट.' शामण्णाला जाळीनं उचलून बादलीत घातलं आणि बादली बाथरूममध्ये ठेवली. तिथं दोन दिवसांत धागे नाहीसे झाले. सुमंतराव खूष. शामण्णा परत टाकीत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी धागे परत, आणि ह्या वेळी रामण्णालाही. एक तर त्याच्या नाकपुडीवर मिशीसारखा.

"बाथरूममध्ये रोग बरा होतो आणि हॉलमध्ये परत होतो," सुमंतराव म्हणाले. "म्हणजे टाकीतच घर केलंय त्यांनी."

"मग टाकी धू."

टाकी धुतली. दगड उकळले. झाडं शिळ्या पाण्यानं एकेक पान पुसून घेतली. तिसऱ्या दिवशी धागे दुप्पट.

अक्काला ही बातमी रोज सकाळी मिळे आणि रोज सकाळी तिचं तोंड जास्त घट्ट मिटे. ती हॉलमध्येच, टाकीशेजारच्या पलंगावर बसून वाती करायची. गुडघ्यांमुळं तिला खाली बसवत नसे, आणि मागच्या खोलीत ऊन भरे. दुकानातला गुंडाळीचा कापूस तिला चालत नसे. अमरगोळच्या बाजारातनं ओळखीचा मल्लाप्पा सरकीसकट कापूस आणून द्यायचा. तो कापूस ती हातानं निवडायची, पिंजायची, फुलवायची, मग मांडीवर वळायची. डास चावू नयेत म्हणून डोक्यावर पंखा, दोनवर. न्यूट आले तेव्हा अठ्ठावन्न हजार झाल्या होत्या.

"मी दिवसाला हजार करत होत्ये," अक्का म्हणाली. "आता दीड हजार करत्ये. देवाला कमी पडलं असेल."

"कर," सुमंतराव म्हणाले. त्यांनाही आता देवाचा आधार हवासा वाटत होता.

दीड हजार केल्यावर शामण्णाच्या पाठीवर झालर आली. अक्का दोन हजारांवर गेली. रामण्णाच्या चारही पायांत पांढरे पैंजण दिसायला लागले.

संध्याकाळी कोरियातनं व्हिडिओ कॉल यायचा. "बाबा, दाखवा दोघांना." सुमंतरावांनी तोडगा शोधला होता. न्यूट काचेला पोट लावून चिकटला की ते फोन पुढं धरायचे. पोट लाल आणि स्वच्छ. ज्या दिवशी शामण्णाची अवस्था दाखवण्याजोगी नसे त्या दिवशी रामण्णालाच डावीकडनं एकदा आणि उजवीकडनं एकदा दाखवायचे.

"मोमोचं वजन वाढलंय का हो?"

"इथली हवा मानवली," पलंगावरनं अक्का म्हणायची.

अठराव्या दिवशी सुमंतरावांनी हुबळीच्या डॉक्टर नागेशची वेळ घेतली. म्हशीपासनं पोपटापर्यंत सगळं बघतात म्हणून ऐकलं होतं. शामण्णाला न्यायचं कशात, हा प्रश्न आला. अक्काच्या माहेरच्या चार डब्यांच्या कॅरियरमधला एक डबा सुमंतरावांनी घेतला आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. अक्कानं हातोडीचा पहिला ठोका ऐकला आणि बाहेर आली.

"तो डबा माझ्या आईनं दिलेला आहे."

"तुझी आई तीच माझी आई."

"मग तिच्यासमोर तू पाडली असतीस भोकं?"

सुमंतरावांनी उरलेली भोकं हळू आवाजात पाडली.

हुबळीला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, डब्यात ओलं शेवाळ, शेवाळात शामण्णा, आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत त्याची शी, कारण डॉक्टरांनी फोनवर तीही आणा म्हणून सांगितलं होतं. नवनगर गेलं आणि शेजारच्या बाईनं चौकशी केली, "डब्ब्याग एनैतिरी?" डब्यात काय आहे. सुमंतरावांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "पेशंट." त्याच वेळी झाकणाच्या एका भोकातनं, जे घाईत जरा मोठं पाडलं गेलं होतं, चार बोटांचा एक काळा इवलासा हात बाहेर आला आणि त्यानं झाकण चाचपलं. बाईनं आपली पिशवी उचलली. उठली आणि उणकलपर्यंत उभी राहिली. तिची जागा रिकामी असूनही पुढं कुणी बसलं नाही.

डॉक्टर नागेश तरुण होता आणि गंभीर. सुमंतरावांनी आधी अर्ज दिला: 'विषय: न्यूट नामक प्राण्यास परजीवीबाधा झाल्याबाबत.' सोबत सहा फोटो, तारीखवार. डॉक्टरनं अर्ज पूर्ण वाचला. मग शामण्णाला ओल्या हातमोज्यांवर घेतलं, चिमट्यानं एक धागा ओढला. तो सहज निघाला.

"हा अंगात रुतलेला नाही हो, सर. किडा असता तर तिथं लाल झालं असतं, गाठ आली असती." त्यानं धागा काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली सरकवला, एक डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग डबीतल्या शीचा कण घेऊन तोही पाहिला.

"सर, घरात गाद्या भरता काय?"

"नाही."

"पिंजारी आहेत शेजारी?"

"नाही. का हो?"

"हा कापूस आहे. अंगावरचा पण कापूस, पोटातनं आलेला पण कापूस. बाकी जंत नाही, किडा नाही, काही नाही. तुमचा पेशंट माझ्यापेक्षा तंदुरुस्त आहे." त्यानं सुमंतरावांकडं पाहिलं. "तुमचं बीपी बघू काय? आलाच आहात तर." सुमंतरावांनी खालमानेनं त्याला अक्काच्या लाख वातींचं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये सुमंतराव विचार करत होते तो रोगाचा नव्हता. रोग कळला होता. तो अक्काला सांगायचा कसा?

"अक्का," घरी आल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, घरात कापूस उडतो."

"उडू दे की. देवाचं काम आहे."

"तो पाण्यात पडतो. यांच्या अंगाला चिकटतो."

अक्काचा हात मांडीवर थांबला. अर्धी वात तशीच.

"म्हणजे यांना बरं वाटावं म्हणून मी वाती वाढवल्या…"

"हो."

"…तेवढं यांना जास्त झालं."

"तसंच काहीतरी."

अक्कानं टाकीकडं पाहिलं. आत रामण्णा नाकावरची मिशी मिरवत फिरत होता. "बावीस हजार राहिल्यात, सुमंता. नवस अर्धा सोडला तर चौदावा मजला. पुरा केला तरी चौदावा मजला. आता मी करू काय, ते तुझ्या डॉक्टरनं सांगितलं का?"

ते त्यानं सांगितलं नव्हतं. टाकी हलवायची नाही म्हणून कागदावर होतं. टाकीवर फडकं घालायचं नाही म्हणूनही होतं. पंखा बंद केला तर डास. शेवटी संध्याकाळी सुमंतरावांच्या लक्षात आलं, की टाकी झाकता येत नसेल तर अक्का झाकता येते.

त्यांनी पलंगाला मच्छरदाणी लावली. अक्का आत, कापूस आत, सरकी, परात, सगळं आत. कापूस बाहेर येणार नाही, डास आत जाणार नाही. बाहेर पडताना अक्कानं पलंगाच्या टोकाला उभं राहायचं आणि सुमंतरावांनी ओल्या पंच्यानं तिला खांद्यापासून पायापर्यंत पुसून घ्यायचं. पहिल्या दिवशी आत फार उकडलं, म्हणून अक्कानं बॅटरीवरचा छोटा पंखा आत घेतला. तो लावल्यावर मच्छरदाणीत कापसाचं जे काही वादळ उठलं त्यात अक्का ढगात बसलेल्या देवीसारखी दिसायला लागली. देवी अधूनमधून शिंकत होती.

पण टाकी स्वच्छ झाली. चार दिवसांत एक धागा नाही. सुमंतरावांनी 'संशयित क्र. १' पुढं 'निकाली' म्हणून लिहिलं आणि त्या रात्री शांत झोपले.

सकाळी त्यांना संशयित क्रमांक दोन दिसला.

टाकीतल्या झाडाचं एक पान दुमडलेलं होतं, विड्यासारखं. चिमट्यानं उलगडलं तर आत साबुदाण्यासारखा एक पारदर्शक मणी, मध्ये काळा ठिपका. दुसऱ्या पानात एक. तिसऱ्यात एक. मोजता मोजता तेवीस.

"मीठ घाल," मच्छरदाणीतनं अक्का म्हणाली. "नाहीतर उकळतं पाणी ओत. एकदाच काय ते."

सुमंतरावांनी डॉक्टरला फोन लावला. "सर," डॉक्टर नागेश म्हणाला, "ह्या वेळी काय, वाती की फुलवाती?" मागं एक म्हैस हंबरली, आणि तिच्यानंतर कुणीतरी हसलं. सुमंतरावांनी नंतर करतो म्हणून फोन ठेवला आणि नंतर केला नाही. माणसाला एक वेळ रोग सोसतो, हसणं सोसत नाही.

मग त्यांनी कागद परत वाचला. वेगळ्या भांड्यात ठेवा. फोटो काढा. नोंद करा. नष्ट करा असं कुठंच नव्हतं. आणि रेकॉर्ड रूममध्ये चाळीस वर्षांत त्यांनी वरच्या सहीशिवाय एक चिठोरी फाडली नव्हती. वाळवीनं खाल्लेल्या फायलीसुद्धा त्यांनी वाळवीसकट जपून ठेवल्या होत्या, आदेश येईपर्यंत. त्यांनी तेवीसच्या तेवीस मणी पानासकट कातरून श्रीखंडाच्या डब्यात घातले, वर शिळं पाणी ओतलं, कागद डकवला: 'संशयित क्र. २. एकूण नग २३. निकाल प्रलंबित.' डबा खिडकीत ठेवला आणि रोज पाणी बदलत राहिले, कारण पुराव्याला वास येऊन चालत नाही.

मणी स्वस्थ बसले नाहीत. ठिपक्याचा स्वल्पविराम झाला. स्वल्पविराम लांबला, वळवळला. एका सकाळी त्यातल्या एकानं सुमंतरावांकडं पाहिलं.

"अक्का, यांना डोळे आहेत."

"मी तेव्हाच सांगत होत्ये, मीठ घाल म्हणून."

त्रेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधी, सकाळी अकराला वेदश्रीनं दार ढकललं. हातात बॅग, डोळ्यांत झोप.

तिला जे दिसलं ते असं. भर सकाळी हॉलमध्ये मच्छरदाणी. आत तिची बहात्तर वर्षांची आत्या पांढऱ्या धुक्यात बसून मांडीवर काहीतरी घासत होती आणि पुटपुटत होती, "नव्व्याण्णव हजार नऊशे एक्काहत्तर." आणि तिचे वडील, नाकावर दोन चष्मे, ओला पंचा खांद्यावर, श्रीखंडाच्या डब्याशी बोलत होते. "इकडं बघू नका," ते डब्याला म्हणत होते.

वेदश्रीनं बॅग खाली ठेवली.

"बाबा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी गाडी सांगते. आज रात्रीच निघू. कपडे तेवढे घ्या."

"आधी त्यांना बघ," सुमंतराव म्हणाले. "परीक्षा त्यांची होती. आमची नव्हती."

ती टाकीशी गेली. रामण्णा काचेवर आला. गुबगुबीत, चकचकीत, अंगावर एक ओरखडा नाही. शामण्णा झाडातनं डोकावला. गाडी सांगायला काढलेला फोन वेदश्रीनं खाली घेतला. मग तिचं लक्ष श्रीखंडाच्या डब्याकडं गेलं. तिनं लेबल वाचलं. आत पाहिलं.

तेवीस मण्यांपैकी नऊ रिकामे होते. पाण्यात नऊ बारीक जीव, कानांच्या मागं पिसांसारखे तुरे, पापणीच्या केसाएवढी शेपूट. ती तिथंच स्टुलावर बसली.

"बाबा, ही पिल्लं आहेत."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? मोमो मादी आहे. तीन वर्षं बेंगळूरला मी सगळं केलं, थंड पाण्याची मशिन आणली, हजारदा वाचलं. एक अंडं नाही दिलं तिनं." ती डब्यात बघत राहिली. "टाकीत राहिली असती तर या दोघांनीच खाल्ली असती. तुम्ही वेगळी का काढली?"

"परजीवी वाटले."

"मग टाकून का नाही दिलेत?"

सुमंतरावांनी भिंतीकडं बोट केलं. "तुझा आदेश नव्हता."

वेदश्रीनं कागदाकडं पाहिलं, मग वडिलांकडं, मग परत कागदाकडं. मच्छरदाणीतनं शिंक आली.

"म्हणजे शामण्णा नव्हे," अक्का म्हणाली. "शामव्वा. मला वाटलंच होतं, पुरुषमाणूस इतकं खात नाही." तिनं हातातली वात पुरी केली, बाजूला ठेवली, आणि मच्छरदाणीची कड उचलून डोकं बाहेर काढलं. केस, भुवया, सगळं पांढरं. "मग आता ऐक, वेदू. बाळंतीण आहे ती. आपल्यात बाळंतिणीला तीन महिने घराबाहेर काढत नाहीत."

"अगं आत्या, ती न्यूट आहे."

"तुझी आजी म्हणायची, पोरं झाली की सगळ्या सारख्याच."

वेदश्री वाद घालणार होती. तोंड उघडलंही. पण पिल्लांना पाय फुटायला आणि पाण्याबाहेर यायला तीन महिने लागतात हे तिला त्या घरातल्या कुणापेक्षाही जास्त चांगलं माहीत होतं, आणि तोवर त्यांना सहा तासांच्या प्रवासात हिंदकळवणं म्हणजे काय हेही.

"तीन महिने," ती म्हणाली. "त्यानंतर बघू."

"त्यानंतर दुसरं बाळंतपण," अक्का म्हणाली आणि आत गेली. "नव्व्याण्णव हजार नऊशे बाहत्तर."

चहा झाल्यावर वेदश्री पेन घेऊन भिंतीच्या कागदापाशी उभी राहिली. पिल्लांचं खाणं लिहायचं होतं, पाणी किती वेळा ते लिहायचं होतं. लिहून झाल्यावर तिचं पेन खालच्या लाल ओळीवर आलं, दोन रेघांच्या वर. ती ओळ ती खोडायला लागली.

"राहू दे ते," सुमंतराव म्हणाले. नोंदवही मांडीवर घेऊन ते 'संशयित क्र. २' पुढं काय लिहावं याचा विचार करत होते, आणि चाळीस वर्षांत असा निकाल त्यांच्या हाताखालनं गेला नव्हता. "तेवढंच एक वाक्य आम्ही पाळलं, बघ."